मानपत्रातले शालिग्रामजी

मानपत्र लिहावं तर मीच! हे मी म्हणत नाही, रायपूरच्या तीन कार्यालयांतले निवृत्त लोक म्हणतात. माझं मानपत्र ऐकून आमच्या एका ड्रायव्हरला स्वतःबद्दल इतका आदर वाटायला लागला, की निरोपाच्या दिवशी तो साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून घरी गेला!

मानपत्राची रीत सोपी असते. माणूस कसा होता ते आठवायचं आणि त्याच्या उलट लिहायचं. भांडखोराला 'स्पष्टवक्ता' म्हणायचं, आळशाला 'शांत वृत्तीचा'. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. पंगतीत वाढणारा 'आणखी दहा जिलब्या घ्या' म्हणतो, म्हणून कुणी दहा घेत नाही.

तर गोष्ट दोन हजार एकची. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. भोपाळहून फायली आल्या, कपाटं आली, साहेब आले; क्वार्टर्स तेवढी आली नाहीत! मी, कुमुद, आई आणि दहावीतली अबोली असे चौघं बूढ़ापारा मोहल्ल्यात दीड खोलीत राहत होतो. अबोलीचा अभ्यास धान्याच्या कोठीवर चाले. भाताला तांदूळ काढायचे तर आधी भूगोल उचलावा लागे.

अशात आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, शालिग्रामजी जुलैअखेर निवृत्त होणार होते. त्यांचं तीन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, अंगणात पेरूचं झाड, आणि प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं! ते मुलाकडे अमरावतीला जाणार होते. कुमुदने तिथल्या खिडक्या पडद्यांसाठी दोनदा मोजून आणल्या होत्या.

"मानपत्र मीच लिहिणार!" मी घरी जाहीर केलं.

"लिहा, पण हात राखून लिहा जी," कुमुद म्हणाली. "तुमचं सुरू झालं का थांबतच नाही."

हात राखून? आणि क्वार्टर देणाऱ्या माणसासाठी? छे! शालिग्रामजी रोज बाराला येत आणि दोनला टपालाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकवून झोपत. मी लिहिलं, 'समय के ऐसे पाबंद, कि लोग उन्हें देखकर घड़ी मिलाते हैं.' पुढे लिहिलं, 'सदा जागरूक.' आणि शेवटी माझं हुकमी वाक्य, 'उनके जाने से यह कार्यालय अनाथ हो जाएगा!'

टाइप करताना विजयादीदी म्हणाल्या, "भैया, बहुत बढ़िया! एक बार साहब को दिखा दो."

इथे मी चुकलो. नुसता कागद नेऊन दाखवायचा, तर सरकारी हात! मी फाइल केली. पानांवर क्रमांक घातले, वर 'अनुमोदनार्थ प्रस्तुत' अशी टीप लिहिली. फाइल तीन अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून गेली आणि तिघांनीही 'सहमत' लिहून सह्या केल्या. मानपत्राशी असहमत कोण होणार? साहेब मात्र नवे, येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. शालिग्रामजींना त्यांनी एकदाच पाहिलं होतं, आणि नेमके त्या वेळी ते जागे होते.

निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं. शाल, श्रीफळ, समोसे, सगळं होतं. कुमुदही आली होती. समारंभानंतर तिथूनच मोरीचं माप घ्यायला जायचं म्हणून पर्समध्ये टेप होती. मी मानपत्र वाचलं. 'अनाथ' या शब्दाला शालिग्रामजींनी डोळ्यांना रुमाल लावला. मग साहेब उठले.

"मैंने पूरी फाइल पढ़ी है. तीन-तीन अधिकारी सहमत हैं. नया राज्य है, अनुभवी लोग मिलते कहाँ हैं? और जिसके जाने से दफ़्तर अनाथ हो जाए, उसे मैं जाने दूँ? मंत्रालय में बात हो गई है. शालिग्रामजी दो साल और यहीं काम करेंगे! क्वार्टर भी उन्हीं के पास रहेगा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीफळ माझ्याच हातात राहिलं. कुमुदने पर्सची चेन ओढली, ती मला एवढ्या टाळ्यांतही ऐकू आली.

मी साहेबांच्या खोलीत धावलो.

"सर, वो तो मानपत्र था."

"तो?"

"मतलब... उसमें थोड़ा बढ़ाकर लिखते हैं."

साहेबांनी चष्मा काढला. "यानी आपने फाइल में गलत जानकारी प्रस्तुत की?"

"नहीं सर! एक-एक शब्द सही है!"

झालं! आता मीच साक्षीदार.

दुसरा दिवस रविवार होता. शेवटचा उपाय म्हणून मी शालिग्रामजींच्या अंगणात जाऊन बसलो.

"शालिग्रामजी, तिकडे अमरावतीले नातू वाट पाहून राहिला असंल न?"

"असंल न. मी तं सामान बांधून बसलो होतो, नरेशबाबू! नाहीच म्हणणार होतो साहेबाले. पण काल तुमचं मानपत्र घरी आणलं अन् चारदा वाचलं. तीस वर्षं नोकरी केली, पण मी असा आहो, हे मले कोणी सांगितलंच नाही जी! आता लोकं घड्याळ मिळवतात म्हणता, तं मले वेळेवर गेलं पाहिजे न?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, माझेही आले. त्या माणसाला 'मी खोटं लिहिलं होतं' असं सांगायची माझी छाती झाली नाही. त्यांनी मला दोन पेरू दिले. ते घेऊन मी परतलो.

सोमवारी मी दहा-वीसला पोचलो. शालिग्रामजी हजेरीपुस्तक उघडून बसले होते. माझ्या नावापुढे लाल शाईची फुली!

"घड्याळ मिळवून घ्या, नरेशबाबू."

आठ दिवसांत कार्यालयात कुणाची डुलकी उरली नाही. शालिग्रामजी ओळीओळीने मानपत्राप्रमाणे होत चालले होते, आणि सगळं कार्यालय दात-ओठ खात माझ्याकडे पाहत होतं.

घरी कुमुदने चार दिवसांनी तोंड उघडलं. "तुमच्या लेखणीत एवढा जोर आहे, तं आता आपल्यासाठी लिहा न! काहून बसून राहिले?"

"और पापा, इस बार सच लिखना," अबोली कोठीवरून म्हणाली.

मी लिहायला बसलो. दुसरं कुठलंही क्वार्टर द्यावं, असा अर्ज केला. दीड खोली, चार माणसं, आईची खाट अर्धी दाराबाहेर, तांदळासाठी उचलावा लागणारा भूगोल. आयुष्यात पहिल्यांदा, मी जे होतं तेच लिहिलं! टाइप करताना विजयादीदींनी पदराने डोळे पुसले. अर्ज साहेबांकडे जायचा तर बडे बाबूंच्या हातून. मी निर्धास्त होतो. माझ्या शब्दांची ताकद त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

तिसऱ्या दिवशी अर्ज माझ्याच टेबलावर परत आला. समासात शालिग्रामजींच्या वळणदार अक्षरात, लाल शाईने शेरा होता :

'भाषा अतिशयोक्तिपूर्ण है. कृपया केवल तथ्य लिखें.'

खाली सही, तारीख आणि वेळ. बरोब्बर दहा!