शिवाप्पांच्या नाकाची साक्ष

शिवाप्पा माणसाकडे आधी नाकाने बघतात. उमरग्याला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मी नमस्कार केला. त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "यष्टीनं आलाव. मधी कुठंतरी भजी खाल्ली." खाल्ली होती. तेव्हापासून मी त्यांच्याशी जपूनच वागतो.

गल्लीचा मात्र त्यांच्यावर भारी विश्वास. कुणी तूप आणो की हळद, वाटी आधी अप्पांकडे जायची. ते डोळे मिटायचे, "थांबा, नाकाला इचारतो" म्हणायचे आणि निकाल द्यायचे. "डालडा हाय." त्यावर अपील नाही. एकदा मुलगी बघायला आलेल्या नवरदेवाला त्यांनी दारातच अडवलं. "तोंडात येलदोडा हाय," एवढंच म्हणाले. वेलदोड्याखाली काय दडवलं होतं, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

पण गेली दोनेक वर्षं मला संशय येत होता. निकालाआधी अप्पा हळूच विचारायचे, "गुरुजी, तुमाला कसं वाटतंय?" मी बरं म्हणालो की त्यांचंही बरं. एकदा मुद्दाम नासलेलं दूध नेलं आणि ताजं वाटतंय म्हणालो. अप्पांनी डोळे मिटले. "लई ताजं!" माझं आयुष्य मास्तरकीत गेलं, कॉपी मला लांबून कळते.

अशात माझी पुतणी पल्लवी सुट्टीला आली. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोबत तिने तारा लावलेली टोपी आणली होती. ती डोक्यावर चढवायची, कुपीतला वास द्यायचा आणि त्या वासाने माणूस सुखावला की वैतागला, ते मेंदूच्या लहरींवरून ओळखायचं. लॅपटॉपवर रेघा नाचायच्या. सगळ्या गल्लीने टोपी घालून पाहिली. कुणाची पापणी लवली तरी पल्लवी ओरडायची, "डोळे हलवू नका, रेघा उसळतात!"

अप्पांना बोलावलं तर ते हात झाडत मागे सरले. "बेडा, बेडा! आपल्याला नको. डोस्क्यातलं तारेनं भाईर काढायचं म्हंजे घरफोडीच की!" ज्याच्या नाकाचा तालुक्यात डंका, तो एका कुपीला भितो? माझा संशय पक्का झाला.

चौथ्या दिवशी सकाळी ते आपणहून आले. दार लावून घेतलं. हातात छोटी बरणी होती. टोपी चढवल्यावर पल्लवीने त्यांना डोळे मिटायला लावले आणि कापूर हुंगवला.

"उदबत्ती."

मग घासलेट दिलं.

"उदबत्तीच."

मग डोळे न उघडताच म्हणाले, "गुरुजी, त्या साथीच्या तापात माजं नाक गेलं. कुणाला सांगू नका. वाटी घिऊन चार माणसं दारात येतात, तेवढीच बोलतात माज्याशी."

मला माझ्या त्या नासक्या दुधाची लाज वाटली.

बरणीत येसूर होता. अप्पांच्या पत्नीने, गौराक्कांनी, कुटलेला शेवटचा काळा मसाला. "त्याच तापात ही गेली," अप्पा म्हणाले. "रोज हुंगतो, कायच येत न्हाय. नाकाचं जाऊ दे पोरी. डोस्क्याला तरी वळखू येतंय का, तेवढं बघ. तिथनं बी गेली आसंल तर तसं सांग."

मी झाकण काढून हुंगलं. दोन वर्षं रोज उघडून उघडून मसाल्याला कसलाच वास उरला नव्हता. अप्पांना ते कळायचं काही साधन नव्हतं.

पल्लवीने बरणी त्यांच्या नाकाशी धरली. पडद्यावरच्या रेघा एकदम उसळल्या. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. त्यांच्या मिटल्या पापण्या थरथरत होत्या आणि खालून पाणी वाहत होतं. पल्लवी या वेळी ओरडली नाही.

"आला का?" अप्पांनी विचारलं.

"आला, अप्पा. लगेच ओळखला."

"खरं सांगायलीस का?" त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमाला कसं वाटतंय?"

मी बरणी पुन्हा नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणालो, "लई ताजा, अप्पा."