आबांची संमती

२० एप्रिल. कांदा चाळीत भरायचा होता. मजुरीच्या बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या, आणि आमचे आबा सावलीतल्या खुर्चीतून हात वर करून म्हणाले, "थांबा. हा निर्णय मी फेरविचारासाठी परत पाठवतो."

आबा माझे थोरले दीर. राजुरीकडच्या एका शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात राष्ट्रपती होऊन बसलेत. राष्ट्रपती म्हणजे काय, तर सगळा कारभार ज्याच्या नावानं चालतो आणि जो स्वतः काही चालवत नाही. हे पद आबांना समोर बसवूनच कुणीतरी तयार केलं असावं. सातबाऱ्यावर पहिलं नाव त्यांचं, लग्नपत्रिकेत पहिलं नाव त्यांचं, चहाचा पहिला कप त्यांचा. पाटी उचलायची वेळ आली की ते पक्षांच्या वर असतात.

फेरविचारावरचा उपाय मला पाठ आहे. मी चाळीला एक चक्कर मारून आले. "आबा, फेरविचार झाला. कांदा चाळीतच भरायचा."

"मंत्रिमंडळ ठाम हाय?"

"ठाम हाय."

"मग माझा नाइलाज. दुसऱ्यांदा आलं की संमती द्यावीच लागती." हात खाली आला.

"वहिनी, तुमचं सरकार लई दमानं चालतंय बगा," एक बाई पदराआड हसत म्हणाली.

माझ्या नवऱ्याला आबा पंतप्रधान म्हणतात. पंतप्रधान टेम्पो घेऊन बाजारात जातात आणि घरी आल्यावर झोपतात. राहिलेला देश मी चालवते. मी दोन दिवस माहेरी, महाळुंगे पडवळला गेले की सभागृह बंद आहे असं समजून आबा अध्यादेश काढतात: रोज संध्याकाळी भजी. मी आले की अध्यादेश रद्द, आणि तेलाचा डबा रिकामा. एकदा कुत्र्यानं दुधाचं पातेलं उपडं केलं. मी काठी उचलली, तर आबा मध्ये उभे. "शोभा, क्षमादानाचा अधिकार फक्त माझा." सांडलेलं पुसायचा अधिकार अर्थातच माझा.

मे महिन्यात मात्र काम अडलं. मळ्यात आम्ही नवं घर बांधत होतो. नकाशा मी ठरवला. आबांना पहाटे चहा लागतो, बातम्या मोठ्या आवाजात लागतात. म्हणून मागच्या अंगाला त्यांची वेगळी खोली, आत स्वयंपाकाचा छोटा ओटा, येण्याजाण्याचं दार बाहेरून. सगळ्यांचीच सोय.

आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नकाशा फेरविचारासाठी परत आलाच नाही, त्यामुळे मला चक्कर मारायचीही सोय उरली नाही.

"आबा, गवंडी खोळंबलाय."

"किती दिवसांत संमती द्यायची, ते घटनेत लिवलेलं न्हाई."

मी चिडले. फुकटची खोली मिळतेय, वर हा तोरा! त्या दिवशी संध्याकाळी ताटं वाढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, काय ते एकदा सांगा. भिंत तशीच अर्धवट उभी हाय."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "दिल्लीत राष्ट्रपतींच्या घरात शेकडो खोल्या हायत. वर्गात सांगितलं की पोरं डोळे मोठे करायची. सगळं शिकवलं मी पोरांना. पण सांज झाल्यावर तो माणूस जेवाया कुणापाशी बसतो, ते मला बी ठाऊक न्हाई."

पंतप्रधान ताटाकडे बघत राहिले.

"असू दे," आबा म्हणाले. "मंत्रिमंडळाचा सल्ला मला बंधनकारक हाय. दिली संमती. बांधा." आणि मोडलेला तुकडा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. मी त्याला सांगितलं, आबांच्या खोलीतला ओटा नको, बाहेरचं दार बुजव, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत दार पाड.

"आवो वहिनी, हाय त्या नकाशाला संमती दिली, असं आबा आत्ताच दारात म्हणाले की?"

"तू माल कालव," मी म्हणाले.