दमयंतीचं इरलं

यंदा रेनकोट न्यायचा नाही, असं धर्मराजनं ठरवलं. एवढं एकच ठरवून तो थांबला असता तर सुखी झाला असता.

धर्मराज पनवेलच्या एका कचेरीत कारकून. त्या कचेरीत सात जणांचं पायी भटकंती मंडळ होतं. भर आषाढात पनवेल ते माथेरान पायी जायचं, हा त्यांचा नेम. अध्यक्ष हेडक्लार्क काशिराम. (चिटणीसही तेच, कारण वही त्यांची होती.) गेल्या वर्षी धर्मराज रबरी रेनकोट घालून निघाला आणि वाटेतल्या नेरे गावालाच मटकन बसला. पावसाचा थेंब आत शिरला नव्हता, पण घामानं माणूस आतल्या आत उकडून निघाला होता. "पुढच्या वर्षी अर्ध्यातून फिरलात तर नाव कमी," असं काशिरामांनी तिथेच बजावलं. रेशनकार्ड सोडलं तर धर्मराजचं नाव असलेली ती एकुलती एक यादी होती, त्यामुळे हे त्याच्या फार जिवाला लागलं.

यंदा त्यानं शास्त्रशुद्ध तयारी केली. वाण्याची तागडी मागून आणली आणि एकेक वस्तू बादलीत भिजवून तोलली.

"कोरडीच तोला ना," बायको दमयंती म्हणाली. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं होतं.

"पाऊस काय कोरडा पडतो?"

रेनकोट तीन शेर भरला. घोंगडीनं तागडीची दोरीच तोडली. मग त्याची नजर खुंटीवरच्या इरल्यावर गेली. बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांचं, दमयंतीच्या नेऱ्यापलीकडच्या माहेरचं. लेकीची वस्तू ओळखू यावी म्हणून तिच्या आईनं, हौसानं, त्याच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. ओलं करूनही जेमतेम सव्वा शेर!

"अहो, ते भातलावणीचं हाय. ते घालून—"

"तू मला पावसाबद्दल शिकवू नकोस," असं म्हणून धर्मराजनं तो विषय मिटवला.

नेऱ्यापर्यंत सगळं झकास चाललं. पुढे उघडी शेतं लागली, वारा सुटला आणि इरलं मागून भरलं. ताठ चालणारा धर्मराज तीन पावलं पुढे आणि दोन पावलं वर जाऊ लागला. वाकलं की मात्र इरलं गप्प पाठीला बसे. (ते वाकलेल्या पाठीसाठीच करतात. दमयंती हेच सांगत होती.) तेव्हा तो वाकून, मान खाली घालून चालू लागला. मंडळ केव्हाच दिसेनासं झालं, आणि रस्ता समजून तो ज्या बांधावर चढला तो नेमका सासूबाईंच्या खाचराचा होता.

"माजी दमयंती आयली गो!" लाल चिंधी बघून हौसा ओरडली. "मना ठावं व्हतं, लावनीला तू नाय ऱ्हवायचीस! चल, वाक!"

आता काय करावं? हौसा जावयासमोर कधी आली नव्हती. चार वर्षं दाराआडून बोलत होती. आणि इथे ती लुगडं खोचून गुडघाभर चिखलात हातभर अंतरावर उभी. तोंड दाखवलं असतं तर दोघांपैकी एकाला तरी गाव सोडावं लागलं असतं. धर्मराजनं हाफपँट आणखी वर सरकवली आणि मुकाट्यानं रोपांची जुडी हातात घेतली.

"बोलंत का नाय गो? घसा बसलाय?"

इरलं हललं.

दुपारी बायका झाडाखाली भाकरीला बसल्या. ती संधी साधून तो ओणव्यानंच सटकला आणि मुख्य रस्ता लागेपर्यंत त्यानं पाठ सरळ केली नाही. कचेरीत त्यानं पाय मुरगळल्याचं सांगितलं.

रविवारी काशिराम वही घेऊन समाचाराला आले. "अपघात असेल तर नियम लागू नाही," असं म्हणण्यापर्यंत त्यांना चहानं आणलं होतं. इतक्यात मागच्या दारानं हौसा आली. बाहेर पाहुणे आहेत हे तिला कोणी सांगितलंच नाही.

"इरलं घेऊन पावसात एवरी चालत आयलीस, नि न जेवता पललीस?" तिचा आवाज सरळ बाहेरच्या खोलीत येत होता. "नि लावनी ती काय केलीस! सगली उपटून फिरून लावली. नि गो बाय, पायांना तेल लाव. किती केस आलेत ते!"

आत दमयंतीनं खुंटीवरच्या इरल्याला लागलेला चिखल पाहिला असावा. नवऱ्याची अब्रू राखायची म्हणजे राखायची, असं तिनं ठरवलं असावं.

"हो आये," ती ठासून म्हणाली. "मीच आलेली."

काशिरामांचा कप हवेतच थांबला. "वहिनी नेऱ्यापलीकडे माहेरी पायी गेल्या? लावणी करून परत पायी आल्या? आणि तुम्ही नेऱ्याला पाय मुरगळून बसलात?"

धर्मराजला खरं सांगायची फार इच्छा झाली. पण मग पायांवरच्या केसांचाही खुलासा करावा लागला असता.

काशिरामांनी वही उघडली, त्याच्या नावावर रेघ मारली आणि तिथेच वर 'सौ. दमयंती' असं लिहिलं.

"आणि वहिनी, पुढल्या वर्षी तेच इरलं आणा," ते आत बघून म्हणाले. "माणूस कसाही असो, सामान हलकं पाहिजे."

पुढच्या आषाढात मंडळ निघालं तेव्हा धर्मराजला नाक्यापर्यंत यायची परवानगी मिळाली. पाऊस मी म्हणत होता, म्हणून दमयंतीनं त्याला रेनकोट घालून पाठवलं.