फाटकातून सुटणारी होडी

"माझ्या हाताखालून गेलेला पोरगा फाटकावर उभा राहिला ना, तर खुद्द आरमारप्रमुखांनाही हलू देणार नाही!" असं रईस मुतवल्ली कहवाखान्यात छाती ठोकून सांगायचा. वर्षातले अकरा महिने हा गृहस्थ अलेक्झांड्रियाच्या पश्चिम टोकाला सोफे आणि गाद्या भरायचा. बारावा महिना मात्र राखीव दलाचा! तेव्हा तो पांढरा गणवेश चढवून 'रईस', म्हणजे आरमारातला हवालदार, व्हायचा, अल-फनारच्या नाविक शाळेत जायचा आणि नव्या पोरांना शिस्त शिकवायचा. अकरा महिने घरात बायको इन्शिराह बोलायची आणि तो ऐकायचा. त्यामुळे बाराव्या महिन्यात तो जरा जास्तच बोलायचा.

आता ही शाळा काय चीज आहे ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थाप वाटेल. शाळा जमिनीवर आहे. चांगली दगडी, दुमजली. पण बांधणाऱ्या इंग्रजांनी ठरवून टाकलं की ही इमारत नाहीच, हे जहाज! अंगणाला डेक म्हणायचं. फाटकात एक पांढरी रेघ, तिच्यापलीकडचा डांबरी रस्ता म्हणजे समुद्र. रजेवर जायचं ते होडीनेच. होडी कुठाय? अहो, नाहीच! ठरल्या वेळी रजेवाल्यांनी रेघेशी रांग लावायची, पहारेकऱ्याने "होडी सुटली!" असं ओरडायचं आणि सगळ्यांनी पायी रस्ता ओलांडायचा. वेळ चुकली की बसा जहाजावर पुढच्या होडीपर्यंत! इंग्रज गाशा गुंडाळून गेले, पण ही नसलेली होडी तेवढी आमच्या गळ्यात मारून गेले. न्यायची होती ना बरोबर, कुणी अडवलं होतं?

तर त्या गुरुवारी मुतवल्लीच्या मुलीची, वफीयाची, फातिहा होती. म्हणजे दोन्हीकडच्या बापांनी हातात हात घालून कुराणातली फातिहा म्हणायची, की लग्नाचा शब्द पक्का. वफीयाला रिफअत मनापासून आवडला होता. अडचण एकच, रिफअतचा बाप! हाजी बयूमी ट्रामचा तपासनीस. विनातिकीट सापडला म्हणून सख्ख्या मेव्हण्याला दंड ठोकणारा माणूस. त्याने निरोप धाडला होता, "साडेचारला येतो. मुलीचा बाप घरात नसला तर चहासुद्धा न घेता उठेन, आणि पुन्हा ती पायरी चढणार नाही."

"अगं, घर शाळेच्या समोर!" मुतवल्ली बायकोला म्हणाला होता. "चारची होडी धरली की चार वाजून एक मिनिटाने दारात. तू जेवणाची कबुतरं मसाला घालून भरायला घे!"

चारच्या आधी त्याचा तास होता. विषय कोणता? 'होडी कुणासाठी थांबत नाही.' मुतवल्ली असा रंगला, असा रंगला की विचारू नका. "बाप मरो, बायको बाळंत होवो, होडी थांबणार नाही!" असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते!

धावत, धापा टाकत तो फाटकाशी आला. फाटक सताड उघडं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे त्याचं घर, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत इन्शिराह. आणि रेघेशी बंदूक घेऊन उभा खलाफ. वरच्या नाईलकाठचा, आयुष्यात खरा समुद्र अजून नीट न पाहिलेला पोरगा. वर्गात पहिल्या बाकावर बसून मुतवल्लीचा शब्द न् शब्द पिणारा.

"सरक बाजूला," मुतवल्ली म्हणाला.

"होडी गेली, रईस."

"अरे ठाऊक आहे! आत्ताच गेली ना? मी जातो मागोमाग."

"मागोमाग कसे जाल? मध्ये पाणी आहे."

"कुठाय पाणी?" मुतवल्ली कडाडला. "ते बघ गाढव चाललंय! ती बाई टोमॅटो घेऊन चाललीय! बुडाली का?"

"ते लोक किनाऱ्यावरचे. त्यांना चालतं," खलाफ शांतपणे म्हणाला. "तुम्ही जहाजावरचे. तुम्हीच सांगितलंत. पुढची होडी आठला."

मुतवल्लीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ! त्याने रजेचा कागद नाचवला, मुलीची शपथ घातली, शेवटी नवा कोरा सोफा देऊ केला. पोरगा ढिम्म! वरून खलाफ म्हणतो कसा, "रईस, ही माझी परीक्षा आहे होय? मला वाटलंच!"

या हुज्जतीत साडेचार वाजत आले. तेवढ्यात गॅलरीतून हाक आली. "अहो, वफीयाचे बाबा! पाहुणे जिना चढतायत! या ना!"

"होडी चुकली!"

"कसली होडी?"

"चारची!"

"तुम्ही कुठे मासे मारायला निघालात? मध्ये रस्ता आहे, या चालत!"

हे मात्र खरं होतं. दोन लेकरांची आई सांगतेय ते शंभर टक्के खरं आणि सरकार सांगतंय ते धादांत खोटं! बंदरात बंड करतात ती माणसं अशाच वेळी तयार होत असतील. मुतवल्लीने डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि रेघ ओलांडली.

खलाफने शिट्टी फुंकली. "माणूस पाण्यात! माणूस पाण्यात!"

घंटा वाजायला लागली. बराकीतून पोरं धडाधडा धावत आली. सगळी मुतवल्लीचीच पोरं, त्यामुळे काम चोख! पहिल्याच फेकीत दोराला बांधलेलं, बुडणाऱ्याला तरंगवायचं रक्षाकडं त्याच्या डोक्यातून खाली येऊन पोटावर घट्ट बसलं. "सोडा रे, हरामखोरांनो!" तो ओरडला. बुडणारा माणूस घाबरून शिव्या देतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही, हेही त्यानेच शिकवलेलं! पोरांनी "हेला हॉप!" करत दोर ओढला. पांढरा गणवेश डांबरावरून घासत, टोमॅटोच्या टोपलीला धडक देत रईस पुन्हा जहाजावर दाखल झाला. टोमॅटोवालीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक पोरगा तर त्याच्या छातीवर बसून पाणी काढायला लागला!

ड्यूटीवरचा लेफ्टनंट आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. हसू दाबायला त्याला टोपी तोंडासमोर धरावी लागली. "शाबास खलाफ! रईस, पाण्यातून काढलेला माणूस रात्रभर दवाखान्यात. नियम आहे."

"साहेब, मी कोरडा ठणठणीत आहे!"

"ते सकाळी डॉक्टर ठरवतील. कांबळं आणा रे!"

संपलं! आता आठची होडीसुद्धा हातची गेली. फाटकातच अंगावर कांबळं, हातात गरम चहा, आणि समोर गॅलरीत हाजी बयूमी, सगळा तमाशा पाहत उभा. त्याच्यामागे ओढणीने डोळे पुसणारी वफीया दिसली, तेव्हा मात्र मुतवल्लीचा राग गेला. आपल्या बडबडीपायी पोरीचं लग्न मोडलं!

हाजी खाली उतरला, रस्ता ओलांडून रेघेशी आला. काठी टेकून उभा राहिला.

"उशीर किती झाला होता?"

"थोडासाच, हाजी. मिनिटभर."

"उशीर तो उशीर. थोडासा काय आणि जास्त काय!" हाजी खलाफकडे वळला. "आणि तू रे? याच्यासाठी थांबवली असतीस होडी, तर काय बिघडलं असतं?"

"मग ती होडी कसली, हाजी?" खलाफ म्हणाला. "कुणीही हाक मारली की थांबणारं गाढव झालं ते."

हाजीच्या मिशा हलल्या. तीस वर्षांत ट्रामच्या कंडक्टरांना जे पटवणं त्याला जमलं नव्हतं, ते हा पोरगा सहज बोलून गेला होता. "कुणी शिकवलं तुला हे?"

खलाफने कांबळ्याकडे बोट दाखवलं.

आता तासभर या नियमाच्या नावाने बोंब मारणाऱ्या माणसाने काय करावं? मुतवल्लीने गॅलरीकडे एकदा पाहिलं. कांबळं सावरलं, छाती पुढे काढली. "मीच शिकवलं!" तो म्हणाला. "शब्द न् शब्द माझा! बाप मरो, बायको बाळंत होवो!"

"मला वाटलं होतं, सोफेवाला आहे, मऊ असेल," हाजी म्हणाला. "आण तो हात इकडे."

खलाफने घाबरून लेफ्टनंटकडे पाहिलं. "साहेब, हात पाण्यावर गेला तर चालतो?"

"हात चालेल," लेफ्टनंट म्हणाला. "खांदा नको."

एक बाप जहाजावर, एक किनाऱ्यावर. रेघेवर हातात हात घालून दोघांनी फातिहा म्हटली. तिसऱ्या मजल्यावरून बायकांनी अशी काही ललकारी दिली की रस्त्यावरचं गाढवही दचकलं. टोमॅटोवालीनेसुद्धा शिव्या मागे घेतल्या.

मग सगळे वर गेले, सरबताला आणि भरल्या कबुतरांना. सगळे म्हणजे मुतवल्ली सोडून! त्याच्या वाट्याला दवाखान्यातलं डाळीचं पातळ सूप. खिडकीतून त्याला घरातला दिवा, हलणाऱ्या सावल्या आणि कबुतरासाठी तिसऱ्यांदा पुढे आलेला हाजीचा हात दिसत होता. माझ्या मुलीची फातिहा, माझी कबुतरं, आणि मी इथे! वर इंग्रजांना शिव्या घालायचीही सोय राहिली नव्हती, कारण नियम आता त्याचा होता.

तेवढ्यात शेवटची ट्राम आली. हाजी तोंड पुसत, बायको-मुलाला ओढत जिना उतरला. कंडक्टरने त्याला येताना पाहिलं आणि घंटी वाजवली.

"अरे थांब! मी तपासनीस आहे!"

"म्हणूनच नाही थांबत, हाजी!" कंडक्टर ओरडला. "उद्या तुम्हीच दंड कराल!"

ट्राम गेली. मुतवल्ली खिडकीत एकटाच खदखदून हसला. पण ते हसू फार टिकलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या गॅलरीत त्याचाच पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून हाजी बयूमी अवतरला, हातात त्याचाच चहाचा पेला!

"व्याहीबुवा!" हाजीने रस्त्यापलीकडून हात हलवला. "विहीणबाईंनी तुमचीच खोली दिली हो! काय गादी भरलीय, वा! निजा तुम्हीही निवांत!"

मुतवल्ली दवाखान्याच्या खाटेवर पडला. या कुशीवर टोचत होतं, त्या कुशीवर त्याहून जास्त टोचत होतं. कापूस म्हणून आत नुसता काथ्या कोंबलेला. कोणत्या चोराने भरली ही गादी, असं म्हणून तो तोंड उघडणार, इतक्यात त्याला कडेची शिवण दिसली. शिवण ओळखीची होती. या शाळेच्या सगळ्या गाद्या गेल्या वर्षी त्यानेच भरून दिल्या होत्या.