शेवट काकू पाहतात

भिलाईतल्या रिसालीत आमच्या घरासमोर हटवारकाकांचं घर आहे. त्या घरात रोज दुपारी सिनेमा लागतो. कधी माकड हवालदाराची टोपी पळवतं, कधी हत्ती नवरदेवाच्या गाडीवर सोंडेनं पाणी मारतो, कधी बोकड मांडवात शिरून जिलेबीच्या परातीत उभा राहतो. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष एवढंच, की सिनेमा अर्धा झाला की काका उठून निघून जातात आणि उरलेला अर्धा उघड्या घरात, फिरत्या पंख्याखाली, एका रिकाम्या खुर्चीपुढे चालू राहतो.

मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात होतो. लोकांच्या हजेऱ्या बघण्यात जन्म गेला. नोकरीत होतो तोवर दुपारी घरी कधी नसायचोच, त्यामुळे समोर काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी रिटायर होऊन घरी बसलो आणि पहिल्याच आठवड्यात दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

काकांचं वेळापत्रक मी पाठ केलं, सवयच ती. बाराच्या ठोक्याला सिनेमा सुरू. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावलेली, तीत फक्त जनावरांचे सिनेमे. मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही, जनावर खोडकर पाहिजे आणि घरातली माणसं भोळी पाहिजेत. एक वाजून वीस मिनिटांनी काका उठतात. विटका निळा शर्ट, सायकलच्या हॅन्डलला हेल्मेट, मागे रिकामा टिफिन. आत तोंड करून म्हणतात, "चाललो ड्यूटीवर. शेवट पाहून ठेवजो."

काका प्लांटच्या रेल मिलमधी, म्हणजे रूळ बनतात तिथे, क्रेन चालवायचे आणि त्यांना रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. विमलकाकूंना जाऊनही चार वर्षं झाली. मी स्वतः मयतीला होतो.

ड्यूटी म्हणजे गेटजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावर बसणं. दुपारच्या पाळीची पोरं आत जाताना हे त्यांना हटकतात, हेल्मेटचा पट्टा लाव म्हणतात, उशीर झालेल्याला चार शब्द ऐकवतात. पोरंही बिचारी ऐकून घेतात. दिवेलागणीला काका परत येतात. पाळी तर रात्री दहाला सुटते, मग एवढ्या लवकर कसे, असं मी एकदा विचारलं. वय झालं, आता अर्धीच पाळी करतो, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

सगळी भानगड पाळीतून आलेली. टीव्हीवर जनावरांचा चांगला सिनेमा लागायचा, तेव्हा नेमकी काकांची दुपारची पाळी असायची. माकडानं हार पळवला, आता तो कुठे लपवतंय ते कळणार, की घड्याळात एक वीस. हातातला घास तसाच टाकून सायकल काढायची. रात्री घरी आले की काकू भात वाढता वाढता उरलेली गोष्ट सांगायच्या. उभ्या जन्मात या माणसानं एका सिनेमाचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही.

इथवर ठीक होतं हो. माणूस एकटा पडला की थोडा सरकतो, आपण समजून घ्यावं. पण काका रोज सकाळी फाटकाशी येऊन मला आदल्या दिवशीच्या सिनेमाचा शेवट सांगायचे. ते माकड शेवटी प्लांटच्या कॅन्टीनमधी लागलं, टेम्परवारी. तो हत्ती रिसालीच्या बाजारात भाजीचे ठेले ढकलायला राहिला, संध्याकाळी प्रत्येक ठेल्यावरून एक मुळा घेतो. मी विचारलं, काका, तुम्ही तर निघून गेला होता, मग हे कळलं कसं? ते म्हणाले, "विमलनं सांगतलं. दुसरं कोण सांगन?"

हे ऐकून उन्हाळ्याच्या सकाळी माझ्या अंगावर काटा आला. मी मुद्दाम भाच्याकडून त्यातले दोन सिनेमे मोबाइलवर मागवून शेवटपर्यंत पाहिले. माकड जंगलात परत जातं. हत्तीही जंगलात जातो आणि घरची पोरं रडतात. कॅन्टीन नाही, मुळे नाहीत. आणि हत्तीचा तो सिनेमा तर काकू गेल्यानंतर निघालेला. मी हे माझ्या बायकोला, सुनंदाला सांगितलं. तिनं त्या दिवसापासून काकांकडचं विरजण आणणं बंद केलं. वर मलाही बजावलं, त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

पण माझाही एक स्वभाव आहे. फालतू जळणारा दिवा दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मे महिना, बाहेर चिटपाखरू नाही, आणि समोर रिकाम्या घरात टीव्ही ठणाणा करून राहिलेला. सुनंदा झोपली होती. मी चपला घातल्या आणि गेलो.

दार सताड उघडं होतं. काका कुलूप कधीच लावत नाहीत, घरात माणूस असताना कुलूप कावून लावू, म्हणतात. आत गार अंधार होता. प्लास्टिकच्या वायरनं विणलेली खुर्ची टीव्हीकडे तोंड करून ठेवलेली, तिच्या पायाशी स्टीलच्या ताटलीत मुरमुरे आणि फुटाणे. मुरमुरे अर्धे संपलेले होते. पंखा बरोबर खुर्चीच्या वर फिरत होता. टीव्हीवर बोकडाच्या गळ्यात वरमाला पडली होती आणि सगळा मांडव हसत होता. मी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला.

आणि काय सांगू तुम्हाला. घर असं एकदम गप्प झालं, जसं भरल्या खोलीत आपण काहीतरी वाकडं बोलून जावं आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघावं. खुर्ची करकरली. मी, टाइम ऑफिसातला माणूस, त्या खुर्चीकडे बघून "माफ करा" म्हणालो आणि निघालो. घरी आल्यावर लक्षात आलं की एका पायात चप्पलच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकाशी आले नाहीत. बारा वाजले तरी टीव्ही लागला नाही. मी म्हटलं बरं झालं, आणि आडवा झालो, पण झोप येईना. त्या शांततेपेक्षा हत्ती परवडला. तिसऱ्या दिवशीही तेच. सायकल भिंतीला टेकलेली, चूल थंड. मग मात्र सुनंदाच म्हणाली, जा बाप्पा, बघून या.

काका पायरीवर बसले होते. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. बाजूला माझी चप्पल नीट पुसून ठेवलेली. मी ओशाळून शेजारी टेकलो. ते रस्त्याकडे बघतच बोलले.

"बाबू, विमल गेली."

मी हळूच म्हटलं, काका, त्याला चार वर्षं झाली.

"मेली चार वर्षांआधी," ते म्हणाले. "गेली थे परवा."

परवा ते ड्यूटीवरून आले तर टीव्ही बंद, पंखा बंद. त्यांना वाटलं, तिनंच बंद केला. तिला कंटाळा आला असन. रात्री भात वाढून वाट पाहिली, पण ती काही बोलली नाही. मग भात तसाच झाकून ठेवला. नागपूरची मुलगी किती दिवसांची बोलावून राहिली, आता जातो तिच्याकडे, घर विकून टाकतो, इथं कोणासाठी राहू, असं ते अगदी कोरड्या आवाजात सांगत होते. चप्पल समोर होती तरी या भोळ्या माणसाला माझा संशय आला नव्हता.

मी सगळं कबूल केलं. फालतू लाईट जळत होती म्हणून मीच बंद केला, हेही सांगितलं. वाटलं, आता शिव्या बसतील. काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"पंखा बी बंद केला?"

"हो."

"एवढ्या गर्मीत?"

मला मान वर करवेना. मग मीही जरा चिडलो, स्वतःवरच खरं तर, आणि बोलून गेलो की काका, तुम्ही सांगता ते शेवट त्या सिनेमात नसतातच, मी पाहिलेत. माकड जंगलात जातं.

"मालूम हाय," काका म्हणाले. "सिनेमाच्या सीडीवाल्यानं एकडाव सांगतलं होतं मले."

म्हणजे त्यांना सारं ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंनी त्यांना एका सिनेमाचा शेवट खराखुरा सांगितला होता. त्यात कुत्रं मालकाला सोडून जातं. दुसऱ्या दिवशी काका क्रेनवर चढले आणि वर केबिनमधी बसून त्यांना ते कुत्रं आठवलं. डोळे भरले. खाली माणसं उभी, हुकाला लोखंड टांगलेलं, आणि यांना समोरचं दिसेना. थोडक्यात निभावलं. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं, आणि तेव्हापासून काकूंच्या एकाही सिनेमात जनावर कुणाला सोडून गेलं नाही. सगळी माकडं, सगळे हत्ती भिलाईतच नोकरीला लागले.

"थे खोटं सांगे आन् मी खरं समजून आयके," काका म्हणाले. "पन बाबू, बदलायसाठी बी तिले खरा शेवट आधी पाहा लागते ना. तुम्ही बंद केला. आता बोकडाचं काय झालं, थे तिले बी नाही मालूम, मले बी नाही."

सुनंदानं वरण-भात पाठवला होता, त्यातले त्यांनी चार घास खाल्ले. मग माझी चप्पल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, उद्या तोच सिनेमा लावतो, तुम्ही बसा. मी घरात असलो तर ती बोलत नाही, मी ड्यूटीवर जाईन. तुमचं काम एवढंच, कोणी येऊन बंद नाही केला पाहिजे.

म्हणून दुसऱ्या दिवशी एक वीसला मी त्या घरात एकटा बसलो. म्हणजे एकटाच म्हणायचं. खुर्चीवर बसायची हिंमत झाली नाही, भिंतीशी बाजेवर बसलो. थोड्या वेळानं मोरीच्या भोकातून एक खार आली. तुरुतुरु खुर्चीवर चढली, खुर्ची करकरली, खाली उतरून तिनं मुरमुरे खाल्ले आणि गेली. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. करकर कळली, मुरमुरे कळले. चला, म्हटलं, भुताचा निकाल लागला.

मग बोकडानं नवरदेवाच्या बापाचं धोतर धरून त्याला साऱ्या मांडवाभोवती फिरवलं आणि मी स्वतःला विसरून मोठ्यानं हसलो. हसू आवरलं. पण माझं हसू थांबल्यावर खोलीतलं हसू थांबायला थोडा उशीर लागला.

खार केव्हाच गेली होती. टीव्हीवर तेव्हा मांडव गप्प होता, नवरीचा बाप रडत होता. मी खुर्चीकडे बघितलं नाही. पंखा फिरत राहिला, मी शेवटपर्यंत बसलो. बोकड आपल्या गावी जातो.

दिवेलागणीला काका आले. सायकल लावली, टिफिन मोरीत ठेवला, पाय धुतले. मी शेवट सांगायला तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला, क्रेनवाल्याला खालून थांब म्हणून करतात तसा.

"शेवट तुम्ही नोका सांगू, थे सांगन. तुम्ही फक्त एवढं सांगा बाबू, थे हासली का?"

बत्तीस वर्षं मी टाइम ऑफिसात होतो. लोक पाया पडले, कुणी घरी मिठाई घेऊन आलं, पण जो माणूस आला नाही त्याची हजेरी मी कधी लावली नाही.

"हो काका," मी म्हणालो. "धोतर ओढलं तेव्हा."

काका आत गेले, दोन ताटं घेतली आणि भात लावायला बसले. मी दार उघडंच ठेवून घरी आलो. ती हजेरी खोटी होती, असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.