सोनुर्मेचे बेपत्ता किल्लीदार

मी वाम्बोला पिहलगास. हे नाव ऐकून तुम्ही दचकला नसाल, तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही गुन्हेगार नाही. एस्टोनियाच्या अख्ख्या आग्नेय कोपऱ्यात सायबर गुन्ह्यांचा छडा लावणारा माझ्याइतका तल्लख दुसरा माणूस नाही. पहिलाही मीच, कारण या कोपऱ्यात हा धंदा करणारा मी एकटाच आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्तीही कुठल्यातरी प्राण्याची आहे. कुठल्या, ते आत्ता आठवत नाही.

राहायला मी सासूबाईंकडे असतो. बायको फिनलंडला नर्स आहे, सुट्टी मिळाली की बोटीने येऊन जाते. तिच्या गैरहजेरीत मला घरजावई म्हणणारे काही लोक सोनुर्मे गावात आहेत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे.

माझ्यात उणीव एकच, आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सासूबाई सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. मला अळंबी चालत नाहीत. तुकडा पोटात गेला की अंगभर गांधी उठतात. आमच्या देशात हे चारचौघांत कबूल करायला छाती लागते. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पीत असता तरी चाललं असतं."

असो. मूळ प्रकरणाकडे वळू.

आमच्याकडे बारशापासून सातबारापर्यंत आणि करापासून मतदानापर्यंत सगळं संगणकावर चालतं. त्यामुळे उद्या कोणी हल्ला करून हे संगणक बंद पाडले तर काय करायचं, याचा आराखडा प्रत्येक पंचायतीला करावाच लागतो. सोनुर्मे पंचायतीचा आराखडा मी लिहिला आहे. तो इतका जाड आहे की पंचायतीत दार उघडं राहावं म्हणून तोच लावतात. त्याचा आत्मा म्हणजे तीन किल्ल्या. गावाच्या सगळ्या माहितीची एक प्रत लोखंडी कपाटात. कपाटाला तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन वेगळे किल्लीदार. सरपंच एंडेल, मुख्याध्यापिका हिल्या बाई आणि अग्निशमन दलाचा कौपो. तिघे एकत्र आल्याशिवाय कपाट उघडत नाही. एखादा हल्लेखोर एकाला फितवेल, दोघांना फितवेल, पण तिघांना एका वेळी गाठणार कसा? तो प्रश्न पुढे माझ्यावरच उलटला.

या आराखड्याची परीक्षा घ्यायला राजधानी ताल्लिनहून उर्वे बाई नावाच्या तपासनीस नेमल्या होत्या. नापास झालो तर पंचायतीचं संगणक खातं बंद होऊन शहराच्या खात्यात जाणार होतं. खातं म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर माझी मेव्हणी माइमू. शहरातल्या नोकरीसाठी तिला गाव सोडावं लागलं असतं, आणि ती गेली तर सासूबाईंच्या घरात मी आणि सासूबाई असे दोघेच उरलो असतो. तेव्हा प्रकरण किती गंभीर होतं हे लक्षात यावं.

सप्टेंबरातली गुरुवारची सकाळ. मी काळ्या पावावर मासळी ठेवून विचार करत होतो, तोच माइमू धावत आली.

"भावजी, सुरू झालं! उर्वे बाईंचा फोन होता. पंचायतीचे संगणक हल्लेखोरांनी बंद पाडलेत असं समजायचं. सूर्य मावळायच्या आत तिन्ही किल्लीदार एका जागी आणायचे आणि बाईंना तसं कळवायचं."

"कुठून बोलत होत्या त्या?"

"मला काय माहीत? मागे पक्षी ओरडत होते. 'मी आता जरा कामात आहे' म्हणाल्या आणि ठेवला."

"मंत्रालयाची बाग," मी तत्काळ ताडलं. "चल, लाव तिघांना फोन."

सरपंचांचा फोन बंद. हिल्या बाईंचा बंद. कौपोचाही बंद. मग उर्वे बाईंना विचारावं म्हणून लावला, तर तोही बंद.

माइमूचं तोंड उतरलं. "भावजी, मला वाटतं आज ना..."

"वाटणं हे माझं काम आहे," मी तिला थांबवलं. "चार फोन एकाच सकाळी बंद. हा नुसता सराव नाही, माइमू. सरावाच्या आडून सीमेपलीकडच्यांनी खरा हल्ला केलाय!"

"पण कालपासून ऊन..."

"उन्हाचा इथे संबंध नाही."

आम्ही प्रथम सरपंचांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी आस्टा बाई अंगणात बरण्या धूत होत्या.

"सरपंच कुठे आहेत?"

"पहाटेच गेले."

"कुठे?"

"ते मी विचारत नाही. मी जाते तेव्हा तेही विचारत नाहीत. म्हणून तर आमचा संसार टिकलाय."

"सोबत काय नेलं?"

"चाकू."

मी माइमूकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. माइमूने आभाळाकडे पाहिलं.

"कसा चाकू?"

"एवढासा. वाकडा. मुठीला मागे ब्रश असलेला."

"पुरावा पुसायला," मी माइमूच्या कानात म्हणालो. मग मोठ्यानं विचारलं, "घरी येतात तेव्हा हात कसे असतात?"

"काळे. दोन दोन दिवस डाग निघत नाहीत."

"आणि तुम्ही गप्प राहता?"

"मग काय गावभर दवंडी पिटू?" आस्टा बाई म्हणाल्या आणि पुढची बरणी उचलली. इतकी निर्विकार गुन्हेगार पत्नी मी पाहिली नव्हती.

तिथून तळ्याकडे गेलो. काठावर कौपोची जीप उभी. पाण्यात गळ टाकलेला, शेजारी घडीची खुर्ची, आणि कौपोचा पत्ता नाही. मी गळ ओढून पाहिला, तर दोरीला आकडाच नव्हता. कोणीतरी तो हिसकून नेला होता. मी टोपी काढली.

"भला माणूस होता," मी म्हणालो.

"भावजी, आकडा न लावता गळ कोण टाकतं?"

"घाबरलेला माणूस."

हिल्या बाईंची सायकल सापडली चर्चच्या भिंतीला टेकलेली. टोपलीत स्तोत्रांचं पुस्तक. चर्चला मात्र बाहेरून कुलूप होतं. आता सगळं माझ्यापुढे आरशासारखं स्वच्छ झालं. मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि माइमूला सांगितलं, "ऐक. सरपंचांचं हिल्या बाईंवर प्रेम. कौपो आडवा आला. सरपंचांनी त्याला तळ्यात बुडवला. हिल्या बाई पश्चात्तापाने प्रार्थनेला आल्या, पण दाराला कुलूप."

"हिल्या बाई सत्तरीच्या आहेत, भावजी."

"प्रेमाला वय नसतं."

"आणि सरपंचांच्या सख्ख्या आत्या आहेत."

"मग इस्टेटीचा वाद," मी म्हणालो. खरा गुप्तहेर एका तर्काला चिकटून बसत नाही.

माइमू चर्चच्या पायरीवर मटकन बसली. ऊन कलायला लागलं होतं. "जाऊ द्या," ती म्हणाली. "मी बॅगच भरते. तिकडे खोली बघायला हवी. आईला कोण सांगणार पण?" तिला रडू फुटलं, आणि मी माझा रुमाल पुढे केला. ती रडली तर मला सहन होत नाही. एरवी मला अख्ख्या घरात माणसासारखं वागवते ती एकटीच.

घरी आलो तर सासूबाई गमबूट घालून मागच्या दाराने निघालेल्या. डोक्याला रुमाल, हातात टोपली, टोपलीवर फडकं. आम्हाला पाहून त्या जागीच थबकल्या.

"तुम्ही पंचायतीत असणार होतात ना?" त्यांनी चिडून विचारलं.

माइमूने त्यांना सगळं सांगितलं. बंद फोन, चाकू, जीप, सायकल, सूर्यास्त. सासूबाई ऐकत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

"परवा पाऊस पडला," शेवटी त्या म्हणाल्या. "काल ऊन पडलं. आज सोनुर्मेत जो घरी सापडेल तो एक तर अंथरुणाला खिळलेला, नाही तर आमचे जावईबापू. अहो, अळंबीला गेलेत सगळे!"

"मी सकाळपासून हेच सांगतेय," माइमू म्हणाली.

"पण फोन का बंद?" मी हरलो नव्हतो. "जीप तळ्यावर का?"

"अळंबीला जाणारा माणूस गाडी जंगलाच्या तोंडाशी लावेल काय? मागोमाग गाव यायला? गाडी एकीकडे, माणूस भलतीकडे. आणि फोन चालू ठेवला की कंपनीला जागा कळते. कंपनीला कळली की तिथल्या कोणाच्या तरी जावयाला कळते, आणि मग गावाला."

"पण आई, एवढ्या जंगलात त्यांना शोधू कुठे?" माइमूने विचारलं.

सासूबाई टोपलीची कडी हातात फिरवत राहिल्या.

"बाकीच्यांचं माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एंडेल कुठे असेल ते कळतंय मला. तीन वर्षं माझ्या जागेवरून कोणीतरी कापून नेतंय. देठ तिरके कापलेले असतात. एंडेलचा बाप पाव तसाच तिरका कापायचा, हाही तसाच कापतो. आज चोर पकडायलाच निघाले होते."

"चला तर मग!" मी ओरडलो.

"चला कसं? ती जागा माझ्या आईने मला जाता जाता कानात सांगितली. माझ्या बापालाही सांगितली नव्हती. मीही तुझ्या बापाला कळू दिली नाही, माइमू. आणि आता तुमच्यासमोर..." त्यांनी लेकीचे सुजलेले डोळे पाहिले आणि वाक्य तिथेच टाकून दिलं. "बसा गाडीत. पण डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या. दोघांनीही."

अशा रीतीने आग्नेय एस्टोनियाचा सर्वश्रेष्ठ गुप्तहेर डोळ्यांवर स्वयंपाकघरातलं फडकं बांधून तपासाला निघाला. फडक्याला कांद्याचा वास होता. सासूबाईंनी मुद्दाम तीच तीच वळणं पुन्हा घेतली असावीत, कारण एकच कुत्रं आमच्यावर बरेचदा भुंकलं. मग गाडी थांबली, आणि त्यांनी आम्हाला काठीला धरून दलदलीतून, ओंडक्यांवरून, काट्यांतून नेलं. माइमू हसायला लागली होती. माझा एक बूट मागेच राहिला.

"थांबा," सासूबाई कुजबुजल्या, आणि मग गरजल्या, "एंडेल! चोरा!"

मी पट्टी ओढली. समोर मोकळवन होतं आणि शेवाळावर जिकडे तिकडे पिवळी अळंबी, हळदीची पोती फुटल्यासारखी. मधोमध सरपंच ओणवे, हातात तो वाकडा चाकू. पलीकडे एका झाडाआड हिल्या बाई. दुसऱ्या झाडामागे कौपो, जिवंत आणि कोरडा. तिघांच्या गळ्यात किल्ल्या, आराखड्यात लिहिल्याप्रमाणे. त्यांनीही एकमेकांना त्याच क्षणी पाहिलं होतं.

आम्ही लोक मुळात कमी बोलतो. पण तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"ही माझी जागा आहे," सरपंच म्हणाले.

"माझी," हिल्या बाई म्हणाल्या.

"मला वाटलं मीच शोधली," कौपो पुटपुटला.

"गप्प बसा सगळे!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीची नोकरी चाललीय आणि तुम्ही इथे लपाछपी खेळताय. तिघे एकत्र आलात ना? आता फोन चालू करा आणि त्या ताल्लिनच्या बाईला कळवा."

"इथून फोन?" सरपंच किल्लीसकट मागे सरकले. "डोकं ठिकाणावर आहे का? जागा कळेल!"

"त्यापेक्षा हल्ला झालेला परवडला," हिल्या बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिका आहेत, विचार करून बोलतात.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. माइमूने स्वतःचा फोन काढला, आणि तिने तो चालू करू नये म्हणून तिघेही एकदम धावले. त्या झटापटीत एका मोठ्या ओंडक्यामागे काटकी मोडली.

"कोण आहे?" मी दरडावलं. हा एक प्रश्न मी फार चांगला विचारतो.

लाल कोट घातलेली एक बाई सावकाश उभी राहिली. तिने टोपली पाठीमागे लपवली होती, पण टोपली मोठी होती.

माइमूने तिला लगेच ओळखलं. मग म्हणाली, "बाई, सकाळपासून तुमचा फोन बंद येतोय."

"मी... कामात होते," उर्वे बाई म्हणाल्या. त्यांचे गाल कोटाच्या रंगाचे झाले होते. "माझं आजोळ इकडचं. आजीने एक जागा दाखवली होती."

सासूबाईंनी आभाळाकडे बघून स्वतःच्या आईला एक वाक्य ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माइमू पुढे झाली. चिखलाने माखलेली, केसांत सूचिपर्णाची पानं, पण आवाज अगदी सरकारी. "बाई, सोनुर्मे पंचायतीतर्फे कळवते. तिन्ही किल्लीदार किल्ल्यांसह एका जागी हजर आहेत. सूर्य अजून मावळलेला नाही."

उर्वे बाईंनी सूर्याकडे पाहिलं, किल्ल्यांकडे पाहिलं, शेवटी स्वतःच्या टोपलीकडे पाहिलं. "उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "फक्त अहवालात ठिकाण लिहावं लागतं."

पाच माणसांनी एकदम श्वास रोखला.

"गोपनीय," उर्वे बाई घाईने म्हणाल्या. "गोपनीयच लिहीन. इतकी वर्षं मी अधिकाऱ्यांना सांगत फिरतेय की गुप्त गोष्ट गुप्त ठेवा. ऐकणारी माणसं आज भेटली."

सासूबाईंनी माइमूचा हात धरला आणि तिला मोकळवनाच्या कडेने फिरवून आणलं. कुठल्या बर्चच्या झाडाखाली आधी उगवतात, कुठे उशिरा, कुठून कितीही मोह झाला तरी कापायचं नाही, सगळं कानात सांगितलं. माइमू परत आली तेव्हा रडत होती आणि हसत होती. मलाही फार बरं वाटलं. उरलेले सगळे शिस्तीत पाठ वळवून उभे होते.

मग सासूबाईंनी मला पुन्हा पट्टी बांधली. एकट्यालाच.

पण माझ्यासारख्याला पट्टी काय अडवणार? परतताना मी प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा आणि ते कुत्रं मनात टिपून ठेवलं. रात्रभर नकाशावर रेघा ओढल्या आणि सकाळी सासूबाईंपुढे नकाशा पसरून त्या जागेवर बोट ठेवलं. माझं बोट तळ्याच्या मधोमध होतं.

सासूबाईंनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"अचूक ओळखलंत, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फक्त कोणाला सांगू नका."