सेलोकर सर आणि मधलं वजन

सेलोकर सर समोरच्या माणसाकडे कधी पाहत नाहीत, त्याच्या आजूबाजूच्यांकडे पाहतात. मुलीसाठी भंडाऱ्याचं स्थळ पाहायला गेले, तर तासभर मुलाची आत्या, चहा आणणारी वहिनी आणि दारातला शेजारी न्याहाळत बसले. येताना म्हणाले, "पोरगा चांगला हाय." साखरपुड्याला पेढा भरवला तो त्याच्या मित्राला.

तुमसरला मी त्यांचा भिंतीला भिंत शेजारी. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, निवृत्तीनंतर कृष्णविवरांच्या मागे लागले. मी एकदा सहज विचारलं, "सर, जे दिसतच नाही त्याचं वजन कसं काय करतात?" भाजी आणायला निघालो होतो. भाजी राहिली.

"मधात कृष्णविवर," अंगणात काडीनं गोल काढत सर म्हणाले. "त्याच्या भोवतालचा तापलेला वायू एकदम भडकते. तो उजेड दूरच्या ढगांवर पोचाले वेळ लागते, मंग ढग उजळते. किती उशिरा उजळले, त्यावरून अंतर समजते. किती जोरात फिरून राहिले, तेही त्यायच्या उजेडावरून समजते. इतक्या दूरचा ढग इतका पळून राहिला, म्हणजे मधलं किती वजनदार असन, बोला!"

मी नुसती मान डोलावली. बोललं की ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

हाच हिशेब ते गावालाही लावतात. पुढारी आला की म्हणतात, "त्याले नका पाहू. मांगच्या रांगेतला कवा उठते अन् किती जोरात धावते, ते पाहा." अंदाज बहुतेक बरोबर निघतो, म्हणून जास्त राग येतो.

मुलीचं लग्न तोंडावर आलं आणि सरांची कृष्णविवरं मागे पडली. पहिली पत्रिका सरांच्या थोरल्या भावाला, दादांना द्यायची. हे दादा आंबागडला धान पिकवतात, त्यांनीच सरांना शिकवलं. पण दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद, आणि कशावरून ते सरांनाही धड सांगता येईना. "दादा नाही आले, त मांडवात मी कोणाच्या भरवशावर उभा राहू?" म्हणत रोज फाटकाकडे बघत बसायचे.

"पत्रिका कधी पाठवली?" मी विचारलं.

सरांनी मान खाली घातली. "पाठवली नाही. ऐकलं असन त्यायनं कोणाकडून. येते का, पाहून राहिलो."

"अहो, इकडून उजेडच गेला नाही, तर तिकडचा ढग उजळणार कसा?" मी चिडलोच. त्यांना स्कूटरवर बसवलं आणि आंबागड गाठलं.

दादा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभे होते. सरांनी वाकून पाया पडून पत्रिका पुढे केली. दादांनी ती घेतलीच नाही.

"घरच्याले पत्रिका देते का कोणी?" ते म्हणाले. "पोरीचं लुगडं मी कवाचं आणून ठेवलं. तुझीच वाट पाहून राहिलो."

सर तिथंच धुऱ्यावर बसून रडायला लागले. मी स्कूटर सावलीत लावायला गेलो.